देवळाली की देवली

देवळाली कॅम्प, नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. दुसऱ्या महायुद्धात देवळालीत जपानी कैदी ठेवले होते असे तुझ्या वाचनात आले, आणि आपण दोघे इथेच लहानाचे मोठे झालो तरी ही गोष्ट आपल्या कानावर कशी आली नाही, असे तू विचारले आहेस. आधी तेवढा घोळ निस्तरतो. ते गाव आपले नव्हे. जपानी नागरिकांची ती छावणी राजस्थानातल्या देवलीला होती, आणि १९६२ च्या युद्धात सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीय रहिवाशांना बायकामुलांसह नेऊन डांबले तेही त्याच देवलीत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये या दोन गावांत दोनच अक्षरांचा फरक आहे, त्यामुळे लिहिणारे फसतात आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या नावावर चढते.

पण म्हणून देवळालीचा कैद्यांशी संबंधच नव्हता असे मात्र समजू नकोस. हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक १९३९ मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीकडे अडकला आणि युद्ध सुरू होताच पकडला गेला. त्याला आधी अहमदनगरला, मग आपल्या देवळालीत आणि पुढे डेहराडूनला ठेवले. तिथून २९ एप्रिल १९४४ रोजी तो निसटला आणि तिबेटात ल्हासापर्यंत पोचला. तो युद्धात पकडलेला सैनिक नव्हता. शत्रुराष्ट्राचा नागरिक एवढाच त्याचा गुन्हा. अहमदनगरला तर ही जुनीच परंपरा: आधी बोअर युद्धातले कैदी, पहिल्या महायुद्धात जर्मन, आणि १९४२ मध्ये तिथल्या किल्ल्यात खुद्द नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य.

देवळालीची छावणी १८६१ ची. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांनी मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट इथे पाहायची, असा तिचा उपयोग होता. सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याला अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा इथे काढावा लागे. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, अंगात हिवताप, संध्याकाळी दारू. त्यातून डोके फिरलेल्या माणसाला शिपायांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! आपल्या गावाचे नाव इंग्रजीत वेडाचा शब्द होऊन बसले याचे मला पूर्वी वाईट वाटे. आता वाटत नाही. बराकीत बसून दिवस मोजणाऱ्या माणसाचे काय होते, ते त्या शब्दाने नेमके धरले आहे. मग तो माणूस पहारा देणारा असो की पहाऱ्यात असलेला.

हे मला समजले ते आमच्या आजोबांमुळे. तू त्यांना ओट्यावर सुपारी कातरताना पाहिले आहेस, पण ते युद्धकैदी होते हे तुला मी कधी सांगितले नाही. ते पाचव्या मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतले, लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा तीसेक हजार सैनिक जर्मन-इटालियनांच्या हाती लागले, त्यांत ही पलटणही होती. आजोबांना समुद्रापार इटलीत नेले. त्याच काळात आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन शिपाई आपल्याकडे हिमाचलातल्या योलला आणि भोपाळजवळच्या बैरागढला तारेच्या कुंपणाआड बसले होते. तिकडे सिन्नर तालुक्यातला शेतकरी, इकडे इटलीतला शेतकरी, आणि दोघांच्याही शेतात पेरणीला माणूस नाही.

गावात आधी आजोबा बेपत्ता असल्याचे कळले होते. आजीने कुंकू पुसले नाही. लोक बोलले, तरी पुसले नाही. कित्येक महिन्यांनी कार्ड आले. ते आमच्याकडे अजून आहे, मेथीदाण्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. तपासनिसाचा गोल शिक्का अर्ध्या मजकुरावर उमटला आहे आणि एक ओळ काळ्या शाईने पूर्ण खोडली आहे. उरलेल्यात एवढेच वाचता येते: ‘मी खुशाल आहे. बैल विकू नये. म्हैस व्याली का ते कळवावे.’ बैल तोवर विकले गेले होते, आणि ते कसे कळवावे या काळजीत आजीने पुढचे महिनाभर उत्तर लिहवून घेतले नाही, असे आई सांगते.

हाररच्या सुटकेची तारीख वाचताना मी थबकलो, कारण २९ एप्रिललाच, पण १९१६ साली, मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत इथे जनरल टाउनशेंडच्या ब्रिटिश-हिंदी सैन्याने उपासमारीने जर्जर होऊन तुर्कांपुढे शरणागती पत्करली होती. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. शरण आलेले हजारो कैदी वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि जे जगले त्यांतले कित्येक बगदाद रेल्वेच्या बांधकामाला जुंपले गेले. ल्हासाला पोचलेल्या एका माणसाची कथा जगभर वाचली गेली. या पलटणींतल्या पोरांची नावे मात्र त्यांच्या गावांतही फारशी कोणी घेत नाही, आणि हे मला खरोखर सलते.

परवा खंडोबाच्या टेकडीवर गेलो होतो. खाली तोफखान्याचा सराव चालू होता. पायऱ्यांवर बसलेल्या म्हातारीचा पितळी तांब्या प्रत्येक बाराला किणकिणत होता आणि ती तो न बघताच हाताने धरत होती. फाळणीनंतर याच छावणीत सिंधी निर्वासित आले. त्यांनीही इथे दिवस मोजलेच असतील.

कार्डाचा फोटो वेगळा पाठवतो. ती खोडलेली ओळ उजेडापुढे धरली की सुरुवातीचे ‘आम्हां’ एवढे दिसते. तुझ्याकडे ते मोठे भिंग अजून असेल, तर दिवाळीत येताना घेऊन ये. कार्ड मी डब्यातून काढून ठेवतो.

आईचे तुला आशीर्वाद.

तुझाच,
देवळालीचा मित्र