पिवळ्या शर्टावरचं न छापलेलं नाव

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर ब्राझीलच्या फुटबॉल संघाच्या पोशाखाविषयी एक चौकट आली होती. ब्राझील पहिल्यापासून पिवळ्याच शर्टात खेळत आला आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. आणि शेवटी, कपडाच तो, त्याच्या रंगावरून एवढा गहजब कशाला, असंही. पहिलं विधान चूक आहे, ते दुरुस्त व्हावं. दुसऱ्याने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, म्हणून हे पत्र. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मला आधी रंग कळले, फुटबॉल नंतर.

ब्राझीलचा संघ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पांढऱ्या शर्टात खेळत असे, कॉलर तेवढी निळी. १९१९ मध्ये दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद त्यांनी पहिल्यांदा मिळवलं ते पांढऱ्यातच. १९५० चा विश्वचषक त्यांच्या घरी होता. शेवटच्या साखळी फेरीत या पांढऱ्या शर्टांनी स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं धुऊन काढलं. १६ जुलैला माराकाना मैदानावर उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली असती तरी चषक त्यांचाच होता. पहिला गोलही ब्राझीलनेच केला. मग स्कियाफिनोने बरोबरी साधली, सामना संपायला ११ मिनिटं उरली असताना घिज्जाने दुसरा गोल केला आणि नुसती तिकीट काढून आलेली पावणेदोन लाख माणसं गप्प झाली.

त्यानंतर दोष कुणाच्या माथी मारायचा याचा शोध सुरू झाला. गोलरक्षक बार्बोसाला लोकांनी मरेपर्यंत माफ केलं नाही. शर्टही सुटला नाही. पांढऱ्या रंगात देश दिसत नाही, असं बोललं जाऊ लागलं. आता, तोच रंग तीन दिवसांपूर्वी सहा गोल करून आला होता, तेव्हा पराभवाचं खापर त्याच्यावर फोडणं अन्यायाचंच. पण चित्रकलेच्या नजरेने पाहिलं तर तक्रारीत तथ्य होतं. ब्राझीलचा झेंडा हिरवा, त्यावर पिवळा समभुज चौकोन, त्यात निळं वर्तुळ आणि वर्तुळावरून गेलेली पांढरी पट्टी. पांढऱ्याचा वाटा सगळ्यांत कमी. तोच एक उचलून अंगभर घातला तर तो संघ कुणाचाही वाटू शकतो.

यापुढची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती एका वर्तमानपत्राने घडवली. रिओच्या ‘कोरेयु दा मान्यां’ या दैनिकाने १९५३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर केली. स्पर्धा सगळ्यांना खुली. अट एकच होती, पण भारी अवघड: झेंड्यातले चारही रंग पोशाखात आलेच पाहिजेत.

ही अट मी २००६ च्या विश्वचषकाच्या सुमारास कुठेतरी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी नववीच्या वर्गात संकल्पचित्राला विषय म्हणून दिली. निवृत्त होईपर्यंत ११ वर्षं देत राहिले. देशाचं नाव सांगायचं नाही, झेंडा दाखवायचा नाही. खेळाडूची बाह्यरेषा फळ्यावर काढून द्यायची, शर्ट, शॉर्ट्स आणि मोजे वेगळे दाखवायचे. आणि हिरवा, पिवळा, निळा, पांढरा हे चारच रंग.

बहुतेक मुलं न्यायबुद्धीने वागतात. चार रंग आहेत ना, मग चौघांना सारखा वाटा. उभे पट्टे, आडवे पट्टे, चौकटी, डाव्या बाहीला एक रंग आणि उजव्या बाहीला दुसरा. काहीजण छातीवर मोठं फूल काढून त्यात चारही रंग भरतात. कागद वाळले की मी ते पटांगणाच्या एका टोकाच्या भिंतीला टाचण्यांनी लावत असे आणि मुलांना दुसऱ्या टोकाला उभं करत असे. तिथून पाहिलं की पट्ट्यांचे शर्ट एकमेकांत मिसळून करडे दिसायचे. जवळून सगळ्यांत सुंदर वाटलेला कागद तिथून ओळखू यायचा नाही. मुलं हिरमुसायची, पण समजायची. चारही रंग वापरा असं सांगितलं होतं. सारखे वापरा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

एका वर्षी एका मुलीने शर्ट पूर्ण पिवळा केला, शॉर्ट्स हिरवी, मोजे पांढरे आणि निळ्याची फक्त कॉलर. लांबून तो शर्ट झळकत होता. मी विचारलं, हा मुलगा गवतावर उभा राहिला तर? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बाई, तो कमरेपासून वरच दिसेल. तिने स्वतःच हिरवा आणि निळा यांची अदलाबदल केली. १९५३ मधल्या उत्तरापर्यंत ती आपल्या पायांनी चालत गेली होती.

ते उत्तर शोधणाऱ्याचं नाव आल्दीर गार्सिया श्ले. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, जाग्वारांव नावाचं गाव आहे. नदीच्या अलीकडे ब्राझील, पलीकडे उरुग्वे. तिथला हा १९ वर्षांचा मुलगा पेलोतासच्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढत असे. सामन्यात गोल कसा झाला ते रेखाटून दाखवणं हे त्याचं काम. म्हणजे मैदानावरचा खेळाडू लांबून कसा दिसतो हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्याने शंभराहून अधिक कच्ची रेखाटनं केली. तीन रंगांची संगती कशीही जमते, चौथा आला की घडी विस्कटते, हे प्रत्येक चित्रकाराला माहीत आहे. त्याने शेवटी शर्ट पिवळा ठेवला, कॉलरला आणि बाह्यांना हिरवी किनार दिली, शॉर्ट्स निळी करून तिच्या बाजूने पांढरी पट्टी काढली आणि मोजे पांढरे ठेवले. पिवळा राजा, निळा त्याच्या खालोखाल, बाकीचे दोन काठाला.

या रचनेतलं एक शहाणपण मला आधीच दिसलं होतं, फक्त ते कळलं नव्हतं. १९८६ मध्ये मी नुकती नोकरीला लागले होते आणि घरी कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होता. त्यावर ब्राझील-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना पाहिला. करेकाचा गोल, प्लातिनीची बरोबरी, झिकोची अडवली गेलेली पेनल्टी, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये ब्राझील बाहेर. पडद्यावर रंग एकही नव्हता, तरी कोण कुठल्या संघाचा हे क्षणभरही शोधावं लागलं नाही. पिवळा उजळ राखाडी दिसत होता आणि फ्रान्सचा निळा गडद. रंगाला नावाखेरीज एक उजळपणाही असतो, आणि पिवळा त्या बाबतीत पांढऱ्याच्या अगदी शेजारी बसतो. श्ले यांनी पांढरा शर्ट काढून घेतला, पण त्याचा उजळपणा जाऊ दिला नाही. हिरवा किंवा निळा अंगभर घेतला असता तर संघ गडद झाला असता आणि जुन्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो परका वाटला असता.

नव्या पोशाखाने लगेच चमत्कार केला असंही नाही. १९५४ च्या पात्रता फेरीत तो मैदानावर आला आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या विश्वचषकात हंगेरीने तो ४-२ असा हरवला. ब्राझीलने पहिला विश्वचषक जिंकला १९५८ मध्ये, आणि अंतिम सामन्यात त्यांच्या अंगावर पिवळा शर्ट नव्हताच. यजमान स्वीडनचाही रंग पिवळा, आणि तो कुणी घालायचा हे ठरवताना चिठ्ठी स्वीडनच्या बाजूने निघाली. ब्राझीलकडे दुसरा संच नव्हता. पांढरा घालावा तर १९५० च्या आठवणीने खेळाडूंच्या पोटात गोळा. मग स्टॉकहोममधून निळे शर्ट विकत आणले, पिवळ्या शर्टांवरचे बिल्ले उसवून त्यांवर शिवले. संघाचे प्रमुख पावलो मशादो दे कार्व्हालो यांनी खेळाडूंना सांगितलं की निळा हा अपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग आहे. अपारेसिदा माता म्हणजे मेरीमाता, ब्राझीलची संरक्षक. निकाल ५-२. तो निळा तेव्हापासून त्यांचा दुसरा रंग झाला. झेंड्यात तो होताच, त्यामुळे उपरा वाटला नाही.

पुढचं बरंचसं वाचकांना माहीत असेल. १९७० चा मेक्सिकोतला विश्वचषक रंगीत प्रक्षेपण झालेला पहिला विश्वचषक, आणि जगाने तो पिवळा खऱ्या अर्थाने तेव्हा पाहिला. बिल्ल्यावर जिंकलेल्या विश्वचषकांचे तीन तारे आले, १९९४ ला चौथा, २००२ ला पाचवा. सुती कापड जाऊन घाम शोषणारे कृत्रिम धागे आले, शर्ट शिवणाऱ्या कंपन्या बदलत गेल्या. २०११ मध्ये छातीवर एक रुंद हिरवी पट्टी आडवी टाकली होती. ती मला मुळीच आवडली नाही. किनारीचा रंग मध्ये आणून बसवला की शर्टाचे दोन तुकडे होतात. २०२२ च्या शर्टावर जॅग्वारच्या ठिपक्यांचा पोत होता, तो मात्र पिवळ्यावर पिवळाच, जवळ गेल्याशिवाय न दिसणारा. बदल असा असावा. आतून समृद्ध आणि लांबून तोच.

२०१४ मध्ये घरच्या मैदानावर जर्मनीने त्यांना ७-१ असं हरवलं, तेव्हा अंगावर पिवळाच होता. पिवळा राहिला. २०१९ च्या कोपा अमेरिकेत, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या विजेतेपदाच्या स्पर्धेत, पहिल्या सामन्यात त्यांनी पांढरा शर्ट घातला, १९१९ च्या विजेतेपदाची शंभर वर्षं म्हणून, आणि बोलिव्हियाला ३-० ने हरवलं. त्या पांढऱ्याला अखेर घरात जागा मिळालेली पाहून मला फार बरं वाटलं.

मधल्या काळात त्या पिवळ्याच्या वाट्याला दुसरंच दुखणं आलं. एका राजकीय बाजूच्या मोर्चांत तो इतका दिसू लागला की अनेक ब्राझिली माणसांना तो घालून रस्त्यावर जायचा संकोच वाटू लागला. आणि मग एप्रिल २०२५ मध्ये बातमी फुटली की २०२६ च्या विश्वचषकासाठी दुसरा पोशाख लाल असणार. आपल्या चौकटीतला गहजब तो हाच. लाल रंग झेंड्यात नाही. महासंघाला जाहीर करावं लागलं की फिरणारी चित्रं अधिकृत नाहीत आणि आपण पिवळ्या-निळ्याला बांधील आहोत. पोशाखाचे रंग झेंड्यातलेच असावेत, वेगळा रंग फक्त एखाद्या स्मरणप्रसंगी, असं त्यांच्या नियमावलीत आहेच.

मला लाल रंगाशी काही वैर नाही. लोक चिडले ते मला पटतं, कारण तिथे रंग ठरवण्याची एक रीत एकदा पडली आहे. प्रश्न उघडपणे मांडला गेला, अट सगळ्यांना सारखी होती, आणि एका सीमेवरच्या गावातल्या अनोळखी मुलाचं चित्र निवडलं गेलं. इतक्या विचाराने आलेला रंग बंद खोलीत बदलायला निघालात तर लोक विचारणारच. त्यांना ‘कपडाच तो’ म्हणून गप्प बसवणं मला तरी जमणार नाही.

श्ले पुढे लेखक आणि प्राध्यापक झाले. पिवळा शर्ट देणारा हा माणूस मनाने उरुग्वेचा चाहता होता आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. १५ नोव्हेंबर २०१८ ला ते गेले. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे एकमेकांशी खेळले.

आपल्याला एक विनंती आहे. कुठल्याही संघाची नवी जर्सी आली की आपल्या पानावर कंपनीचं नाव येतं, प्रायोजकाचं येतं, ती घालून उभ्या राहिलेल्या खेळाडूचं येतं. ती ज्याने किंवा जिने काढली त्या माणसाचं नाव येत नाही. कंपन्या ते स्वतःहून सांगत नसतील तर बातमीदाराने विचारावं. चित्रकलेच्या वर्गातून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज अशा कामात आहेत, त्यांची नावं छापून यायला हवीत. आणि मागच्या आठवड्यातल्या चौकटीची दुरुस्ती छापणार असाल, तर सुरुवात त्याच जागी आल्दीर गार्सिया श्ले या नावाने करावी.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका