मामा, तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात त्याबद्दल

मामा, नमस्कार.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला असं जाहीर पत्र लिहायचं म्हणजे येडेपणाच आहे, जिना उतरलं की तुमचं दार. पण समोर आलात की माझ्या तोंडातनं "काय मामा, चहा झाला का" याच्यापुढं काही निघतच नाही, गेले बारा दिवस हेच चाललंय, म्हणून शेवटी लिहायला बसलो. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. एसटीची गाडी चालवायचात म्हणून आख्खी गल्ली एसटी मामा म्हणते तेवढं पुरे.

आणि आजच लिहितोय त्याला कारण आहे. परवा पोराची परत ड्रायव्हिंगची टेस्ट आहे. पास झाल्यावर लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं पास झाला म्हणून आभार मानतोय, आणि नापास झाला तर माझ्यानं लिहवलंच नसतं, माझा स्वभाव तुम्हाला माहिताय. म्हणून आधीच लिहून मोकळा होतो.

पहिल्या टेस्टच्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. सकाळीच अर्धा किलो पेढे आणून ठेवले. फॅमिली ग्रुपवर टाकून दिलं, आज चिरंजीवांचं लायसन्स, अंगठे आले, फुलं आली, केक आले. पोरगं अठरा पूर्ण होऊन चार महिने झालेले, लर्निंग काढून दोन. ड्रायव्हिंग क्लासची फी भरलेली, पंधरा दिवस रोज गाडीवर जाऊन आलेला, मला वाटलं झालंच काम. तिथं आठ काढला, रिव्हर्स घेतली, आणि चढावर गाडी बंद पडली. परत चालू केली, मागं घसरली, परत बंद. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, सात दिवसांनी परत या. बस्स, एवढंच झालं होतं मामा. कायद्यात सात दिवस म्हणजे सात दिवस, तीनदा नापास झाला तरी साठ दिवस थांबून परत देता येते, म्हणजे सरकार सुद्धा धरून चालतं की माणूस नापास होणार, पण बापाला ते चालत नाही.

मी त्याला ॲक्टिव्हावर मागं बसवून घरी आणत होतो आणि आपल्या सोलापुरातल्या सैफुलच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मान मागं वळवून बोललो, "एक चढ चढवता येईना, आयुष्यात काय करणार तू." आजूबाजूला पाचपंचवीस गाड्या, सगळे बघायला लागले. तो उतरला आणि चालायला लागला. मी हाका मारतोय, मागचे हॉर्न मारतायत. घरी येऊन बघतो तर पेढ्याचा बॉक्स ओट्यावर तसाच. बायकोनं काही न बोलता तो उचलून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सारला, ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ग्रुप सुरू झाला. एकानं लिहिलं आमच्या पोरीनं एका फटक्यात काढलं, दुसऱ्यानं हसण्याचे चेहरे, एका शहाण्यानं तर मला फोन करून विचारलं कुणाची ओळख नव्हती का. पोराचा मोबाईल पण त्याच ग्रुपवर आहे याचं कुणाला भान नाही. मी पण कुणाला गप्प बसा म्हणलो नाही, खोटं कशाला बोलू, मी पण एक हसण्याचा चेहरा टाकला होता, वातावरण हलकं करायला म्हणून.

आणि तो क्लास, नाव घेत नाही, पण त्यांचं काय चाललं होतं ते तुमच्यामुळं कळलं. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण क्लच-ब्रेक असतो, ते असायलाच पाहिजे, सेफ्टीसाठीच असतो. पण यांचे सर पंधराही दिवस स्वतःच क्लच दाबत होते, एका हातात मोबाईल आणि पाय क्लचवर, कारण गाडी बंद पडली की वेळ जातो आणि पुढचा पोरगा कोपऱ्यावर थांबलेला असतो. आमचं येडं समजत होतं की आपणच चालवतोय. टेस्टच्या दिवशी बाजूचा पाय गेला आणि गाडी बसली. तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत म्हणे, "पोरा, तुझ्या डाव्या पायाला अजून गाडी भेटलीच नाही." हे वाक्य तो घरात दहादा बोलून दाखवतो.

तुम्ही शिकवायला आलातच नव्हता, हे मला नंतर उमगलं. चार दिवस तो गच्चीवर टाकीला टेकून बसायचा, जेवायला हाक मारली की भूक नाही. आजीला त्यानं कबूल केलेलं, लायसन्स मिळालं की अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला मीच घेऊन जाणार, चाळीसेक किलोमीटर तर आहे, तर तो आजीसमोर पण येईना. पाचव्या दिवशी पहाटे गाडी पुसायला म्हणून खाली आला, आमची जुनी वॅगनआर, तर तुम्ही तांब्या घेऊन दारात उभे. कसा आहेस नाही, टेस्टचं काय झालं नाही. म्हणलात, "मला रूपाभवानीला सोडतोस का, गुडघा धरलाय, रिक्षावाला एवढ्या सकाळी येईना." आणि वर माझ्या बायकोला खिडकीतनं सांगितलंत, "माझं लायसन्स चालू आहे गं, काळजी नको." मामा, तुमचा गुडघा धरला होता का खरंच? कारण त्याच संध्याकाळी मी तुम्हाला पार्क चौकात तरातरा चालताना बघितलंय.

चार दिवस कुणी त्याच्यावर कसला भरवसा ठेवला नव्हता, आणि तुम्ही त्याला काम सांगितलंत. पुढं मागं लाल एल लावून तो तुम्हाला देवीला घेऊन गेला आणि येताना भाजी घेऊन आला, पालक. घरात आल्यावर चार दिवसांत पहिल्यांदा बोलला, "मामांच्या पिशवीत आपला पालक गेला वाटतं."

पण मला सांगायचंय ते आसरा पुलाचं. हे पोराला माहीत नाही, त्यानं हे वाचलं की कळेल, कळू दे.

चौथी की पाचवी खेप असेल. मला राहवेना, म्हणून तुम्ही निघाल्यावर मी ॲक्टिव्हा काढली आणि लांबनं मागं मागं आलो. बापाची काळजी म्हणा, पण खरं सांगायचं तर भरवसा नव्हता, त्याच्यावर पण आणि तुमच्यावर पण, सॉरी. पुलाच्या चढावर पुढं काहीतरी अडकलं, सगळं थांबलं, आणि परत सुटलं तेव्हा आमची गाडी बंद. चालू केली, गचका, बंद. परत बंद. मागं दुधाचा टेम्पो, त्याच्या मागं दोन रिक्षा, एक पिकअप, कडेला मी. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. रिक्षावाला ओरडला, "काय करलालास बे, गाडी काढ की." मला इकडं घाम. मी स्टँड लावला, आता जातो, याला उतरवतो आणि मीच गाडी वर नेतो, असं ठरवून दोन पावलं टाकली पण होती.

तेवढ्यात तुमच्या बाजूचं दार उघडलं. तुम्ही उतरलात, गाडीच्या मागं आलात, पोराच्या काचेकडं बघितलं सुद्धा नाहीत. मागच्या एलच्या पुढं उभे राहिलात, गाडीकडं पाठ, आमच्याकडं तोंड, आणि उजवा हात वर केलात. बस्स. एसटीच्या माणसाचा हात तो, टेम्पोचा हॉर्न आपोआप बंद झाला. मग तुमची नजर कडेला आली आणि मी सापडलो. मला वाटलं ओळख दाखवाल, बोलवाल. तुम्ही तोच पंजा जरासा माझ्याकडं वळवलात. थांब. मला पण थांब.

मी थांबलो मामा. आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी थांबवलंय पण असं कुणी नाही.

मिनिटभर असेल, मला अर्धा तास वाटला. तुम्ही एकदा पण मागं वळून बघितलं नाहीत, अजून का होईना म्हणून मान सुद्धा तिरकी केली नाहीत. तुमच्या पाठीमागं काय होतंय ते इंजिनाच्या आवाजावरनं कळत असणार तुम्हाला, कारण आवाज जड झाला तसे तुम्ही बाजूला सरकलात, आणि गाडी मागं न घसरता वर गेली. मग तुम्ही टेम्पोवाल्याला हात जोडलेत, त्यानं पण जोडले, आणि तुम्ही त्या गुडघ्यानं पूल चढून वर गेलात जिथं पोरगं साइडला घेऊन थांबलं होतं.

नंतर त्याला विचारलं, मामा काय शिकवतात रे. म्हणला, "काय नाही, निधान निधान म्हणतात." मराठीत निधान म्हणजे खजिना, मी विचारात पडलो हे मामा कसला खजिना सांगतायत याला. मग तुमच्या घरातनंच कळलं की कानडीत निधान म्हणजे हळू, सावकाश. आता आमच्या घरात आजी सुद्धा भाकरी उलटताना निधान म्हणते. सोलापूरचं हे एक बरंय, मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, एका गल्लीत चार भाषा, एका भाषेत शब्द संपला तर शेजारच्याकडनं घेता येतो.

मी विचार करत होतो की तुम्हाला हे कुठनं जमतं. तुम्ही एकदा कट्ट्यावर सांगितलं होतं की कोजागरीच्या आदल्या रात्री तुळजापूरची गाडी घेऊन जायचा तेव्हा रस्त्याच्या कडेनं सगळं सोलापूर अनवाणी चालत असायचं, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, आणि तुम्ही हॉर्न वाजवायचा नाहीत, माणूस दचकला की चुकीच्या बाजूला पाय टाकतो. तेव्हा मला ती नुसती गोष्ट वाटली होती. घाटात मागं गाड्यांची रांग आणि पुढं पायी जाणारी माणसं, त्यात ज्यानं इतकी वर्षं काढली त्याला आसऱ्याच्या पुलावरचा दुधाचा टेम्पो म्हणजे काय. १ जूनला तुम्ही गल्लीतल्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटता, १९४८ साली त्या तारखेला पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी गेली म्हणून, तेव्हा आम्ही वर गॅलरीत हसायचो की हे काय मामांचं खूळ. आता नाही हसणार.

चांगली माणसं आपल्याकडं लई आहेत हो, फक्त ती ग्रुपवर नसतात. सोलापूरकर तोंडानं शेंगा चटणी, नुसतं का बे का बे, पण तो टेम्पोवाला बघा, दोन सेकंद आधी हॉर्नवर बसलेला माणूस, कुणीतरी समोर शांत उभा राहिला तर हात जोडून थांबतो, आणि जाताना काच खाली करून पोराला अंगठा दाखवून गेला, हे तुम्ही बघितलं नसेल, तुम्ही पूल चढत होता. मी बघितलं. तो सगळा वेळ मी तिथंच कडेला उभा होतो, ॲक्टिव्हा स्टँडवर. आणि तुम्ही घरी आल्यावर कुणालाच सांगितलं नाहीत की मी तिथं होतो, पोराला नाही, माझ्या बायकोला पण नाही. तुमच्याकडं पेपर घ्यायला आलो तेव्हा पेपर दिलात आणि म्हणलात, आज ऊन फार आहे. याच्याबद्दलचे आभार वेगळे.

पोराला सैफुलच्या त्या सिग्नलबद्दल सॉरी म्हणायचंय मला, अजून म्हणलेलो नाही. हे वाचेल तेव्हा म्हणल्यासारखं होईल का, का समोरासमोरच म्हणावं लागेल? समोरासमोरच लागेल बहुतेक. बघतो.

परवाच्या टेस्टला मी येणार नाहीये. काल त्याला म्हणलं सुट्टी टाकू का, तर म्हणला, "नको पप्पा, मामा येतायत." थोडं लागलं, पण बरोबर आहे त्याचं. या वेळी क्लासची गाडी नाही, आपलीच वॅगनआर न्यायची. लर्निंगची प्रिंट, आधार आणि गाडीची कागदपत्रं एका फाईलमधे घालून ठेवलीत, किल्ली आणि फाईल सकाळी तुमच्या खिडकीत ठेवून मी कामावर जातो. पेढे आणलेले नाहीत. ग्रुपवर काही टाकलेलं नाही.

आणि एक राहिलंच, हँडब्रेक जरा सैल झाला होता, चढावर धरत नव्हता नीट. काल गॅरेजला नेऊन घट्ट करून आणलाय. पोराला सांगू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा