तो चुरगळलेला कागद तुम्ही उचललात, सर

ती. सर,

सादर नमस्कार.

तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदललात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण ज्यांची मुलं वाचनालयाच्या मागच्या त्या खोलीत पटावर वाकून वाकून मोठी झाली, ते पहिल्या दोन ओळींतच तुम्हाला ओळखतील.

मे 2025. नागपुरात बुद्धिबळाची रेटेड स्पर्धा होती, म्हणजे जिच्या निकालावर खेळाडूचं रेटिंग वर-खाली होतं, आणि आम्ही मायलेकी रोज वर्ध्याहून सकाळच्या गाडीने यायचो. ऊन असं की सभागृहाच्या पायऱ्यांवर टेकवत नव्हतं. पालकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे व्हरांड्यात, कुलरच्या एका झोताखाली. त्या दिवशी लेकीचा डाव सगळ्यांत उशिरा संपला. दारातून बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. हातात डाव लिहिलेल्या कागदाची गुलाबी कार्बन कॉपी होती. ती तिने मुठीत चुरगळली आणि पाण्याच्या कॅनशेजारी टाकून दिली. रडली नाही. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "आई, त्या सरांना नको सांगू ना."

"ते सर" म्हणजे तुम्ही नव्हे. तुम्हाला तर आम्ही तेव्हा ओळखतही नव्हतो. दोन वर्षं ती ज्या क्लासला जात होती, तिथले सर. तिथे हरलेल्या मुलांना सगळ्यांसमोर उभं करून गुण विचारत. फक्त गुण. डाव कोणता खेळलीस, कुठे चुकलं, हे दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. एप्रिलमध्ये त्यांनी तिच्यादेखत मला सांगितलं होतं की मुलींचं एका वयापर्यंत ठीक असतं, पुढे त्यांना जमत नाही, तुम्ही उगाच पैसे घालवताय. दहा वर्षांच्या मुलीच्या कानांवर हे पडलं. मी तिथे गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं. फीची पुढच्या तीन महिन्यांची पावती पर्समध्ये होती, बहुतेक म्हणून गप्प बसले.

तर तो कागद. तुम्ही तुमच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आला होतात, भिंतीशी खुर्ची टाकून बसला होतात. तुम्ही उठलात, कॅनजवळ वाकलात, तो बोळा उचललात. मला वाटलं कचरा म्हणून उचलताहेत. तुम्ही मात्र परत येऊन बसलात, मांडीवर ठेवून तळहाताने तो कागद सारखा केलात, चष्मा लावलात आणि वाचू लागलात. समोर पट नव्हता. ओठ हलत होते फक्त. चांगली दहा मिनिटं. माझी लेक माझ्या ओढणीआडून बघत होती, कारण तिचा डाव असं कुणी वाचताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही तिला विचारलंत, "बेटा, हा डाव मला देतेस का?"

ती म्हणाली, "मी हरलेय त्यात."

"हो, वाचलं ना. पण एक्केचाळिसाव्या चालीपर्यंत हा तुझाच डाव आहे. खाली सही कर, म्हणजे कुणाचा आहे ते लक्षात राहील माझ्या."

आणि तिने सही केली. शाळेच्या वहीवर करते तशी, पूर्ण नाव आणि खाली रेघ. तुम्ही त्या कागदाची नीट घडी घालून तो शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे ठेवलात. एवढंच. सल्ला दिला नाहीत, क्लासचा पत्ता दिला नाहीत. पत्ता मी दुसऱ्या दिवशी तुमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडून मिळवला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बुटीबोरी गेल्यावर म्हणाली, "आई, त्यांनी पूर्ण वाचला." त्या एका वाक्यावर मी घरापर्यंत आले, सर.

तुमच्याकडे यायला लागल्यावर आमच्या घरात दिव्या देशमुख आली. नाव आधीही माहीत होतं, विदर्भातल्या कुठल्या घराला माहीत नाही? नागपूरची डॉक्टर दांपत्याची मुलगी, थोरली बहीण बॅडमिंटन खेळायची आणि ही पाचव्या वर्षी पटाशी बसली, इतपत. तुम्ही तिचं कौतुक कधी भाषणासारखं केलं नाहीत. तिचे डाव लावलेत. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, तिसऱ्या पटावर 11 पैकी साडेनऊ गुण, संघाचं सुवर्ण आणि स्वतःचंही सुवर्ण. त्याच वर्षी गांधीनगरला 11 पैकी 10 गुण घेऊन ज्युनिअर जगज्जेती. हे आकडे मुलांना पाठ होतेच. तुम्ही विचारायचात, "इथे ती शांत चाल खेळू शकत होती. का नाही खेळली?"

मी कोपऱ्यात बसून ऐकायचे. मला बुद्धिबळ फारसं कळत नाही, पण दिव्याचा खेळ तुमच्यामुळे थोडा कळला. ती पट निवांत राहू देत नाही. बरोबरी समोर दिसत असली तरी डावात अजून काही शिल्लक आहे का, हे हुडकत राहते. मोहरं किंवा प्यादं गेलं तरी चालेल, पण समोरच्याला दर चालीला नवा प्रश्न पडला पाहिजे. तुम्ही म्हणायचात की असं खेळताना आपल्याही चुका होतात आणि त्या होणार हे धरूनच ती बसते, म्हणून चूक झाल्यावर तिचा हात थरथरत नाही. माझ्या लेकीने हे ऐकून पेन्सिल खाली ठेवली होती, मला आठवतंय.

मग जुलै. जॉर्जियातल्या बातुमीचा महिला विश्वचषक. पंधरावं मानांकन असलेली दिव्या एकेक पायरी चढत होती आणि तुमच्या खोलीत रोज संध्याकाळी दहाएक डोकी एका लॅपटॉपवर. दुसरं मानांकन असलेली झू जिनेर गेली. मग आपलीच हरिका, टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जलद डावांत. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. समोरून सिसिलियन नावाची सुरुवात, तिला उत्तर म्हणून आलापिन ही मांडणी, आणि मग 101 चाली! जिंकत आलेला डाव हातून निसटला, पुन्हा हाती आला. आमच्या पोरी नखं खात होत्या. तुम्ही प्रत्येक चुकीला थांबवून सांगत होतात, "बघा, ही चूक. आता बघा, चुकीनंतर ती काय करते."

28 जुलै, सोमवार. समोर कोनेरू हम्पी, 2002 मध्ये ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेली, म्हणजे दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. जास्त वेळाचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, कमी वेळाचा पहिला रॅपिडही बरोबरीत, आणि दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी. हम्पीचा वेळ संपत आला, चाल चुकली आणि एकोणीस वर्षांची मुलगी जिंकली. विश्वचषक, आणि त्यासोबत थेट ग्रँडमास्टर किताब. भारताची 88 वी ग्रँडमास्टर, आणि महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली पात्रता-कामगिरी, नव्हता. ती आईच्या गळ्यात पडून रडली तेव्हा खोलीतल्या आम्ही तिन्ही आया रडलो.

आणि मग ती मुलाखत. विश्वचषक जिंकून काही मिनिटं झालेली, आणि ती काय म्हणते, तर मला एंडगेम, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरचे डावाचे शेवट, शिकायला हवेत, हा शेवट मी कुठेतरी बिघडवला होता, खरं तर सोपा जायला हवा होता. मुलं टाळ्या वाजवत होती. तुम्ही उठलात, कपाट उघडलंत, तुमची ती जाडी डायरी काढलीत आणि तिच्यातून गुलाबी कागद काढलात.

मला श्वास घेता येईना.

तुम्ही तो डाव पटावर लावलात. एक्केचाळिसाव्या चालीपासून. पटावर दोन्हीकडे एकेक हत्ती, लेकीकडे एक प्यादं जास्त, कडेच्या पट्टीत, पुढची वाट मोकळी. तिने हत्ती प्याद्याच्या पुढे ठेवला होता. प्यादं धावत सातव्या घरात पोचलं आणि समोर स्वतःचाच हत्ती अडकून बसला. तुम्ही हत्ती उचलून प्याद्याच्या मागे ठेवलात. "मागून ढकलायचं, बेटा. पुढे उभं राहून वाट अडवायची नाही." मग सगळ्यांना म्हणालात, "विश्वचषक जिंकलेल्या मुलीला एंडगेम शिकायचेत, हिलाही शिकायचेत. उद्यापासून महिनाभर आपण फक्त हत्ती." लेकीचे कान लाल झाले होते. लाजेने नाही, सर. मी तिची आई आहे, मला फरक कळतो.

मला त्या रात्री जुन्या क्लासची फार आठवण आली आणि फार राग आला. दिव्याने अठराव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षक मुलींचे डाव सोडून केस, कपडे, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. तेव्हा मला ते परदेशातलं काहीतरी वाटलं होतं. ते तर आमच्या क्लासच्या लाकडी बाकावर बसलेलं होतं. एवढं यश मिळवलेल्या मुलीचा डाव बघत नाहीत, तर माझ्या पोरीचा कोण बघणार?

तुम्ही बघितलात. म्हणूनच नागपूरला परतल्यावर दिव्याने किताबाचं श्रेय आपले पहिले प्रशिक्षक कै. राहुल जोशी यांना दिलं, ती ग्रँडमास्टर व्हावी हे त्यांचं स्वप्न होतं असं सांगितलं, तेव्हा मला तुमची डायरी दिसली. अशी माणसं बक्षीस समारंभाच्या फोटोत नसतात. चार प्लास्टिकचे पट, एक भिंतीवरचा पट, उन्हाळ्यात कुरकुरणारा पंखा, आणि समोरच्या लहान माणसाला मोठ्या माणसाइतकं गंभीरपणे घ्यायचं, बस. असं वागणारे मला त्या स्पर्धेत आणखीही भेटले. घड्याळ दाबायचं विसरलेल्या आपल्या मुलाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी हळहळणारे एक वडील होते. स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी अनोळखी पोराला देणारी एक आजी होती. मी त्यांची नावंही विचारली नाहीत. तो राग मनात ठेवून वर्षभर वावरले असते तर ही माणसं मला दिसलीच नसती, आणि ती दिसायला लागली तुमच्यामुळे.

नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या विश्वचषकात दिव्या खुल्या गटात, पुरुषांसोबत, खेळली, पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून दोन्ही डाव हरली. लेक रुसून बसली, आज जात नाही म्हणाली. तुम्ही फोनवर तिला इतकंच म्हणालात, "ये. तेही दोन्ही डाव लावून ठेवलेत." ती सायकल काढून गेली.

सर, तो गुलाबी कागद परत देऊ नका. मी एकदा मागणार होते, घरी फ्रेम करायला. लेकीने मला अडवलं. म्हणाली, तो सरांचा आहे, मी सही करून दिलाय.

परवा रविवारी अमरावतीला ती शेवटच्या फेरीत हरली. 63 चाली. बाहेर आली, डोळे भरलेले होते, पण कागद तिने वहीच्या पुठ्ठ्यात सरळ घालून आणला होता, एकही घडी न पडता. खाली सही आधीच केलेली.

उद्या संध्याकाळी घेऊन येतोय.

तुमच्या विद्यार्थिनीची आई