वहीतल्या कोऱ्या पट्टीबद्दल, बाई

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही हात हलवून विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र. पुण्यातल्या इतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतल्या भावाबहिणींनीही ते वाचावं अशी आमची इच्छा आहे. तुमचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुम्ही यायच्या आधीही आमच्या घरसभेत रोजच्या जगण्यातून विश्वासाचे धडे काढले जायचे. पण धडा आधी ठरलेला असायचा आणि प्रसंग मागून त्यात कोंबला जायचा. बस मिळाली तर कृपा. चुकली तर देव धीर शिकवतोय. गाडी घसरली तर सैतानाचा हल्ला. आणि प्रार्थना करूनही माणूस वाचला नाही तर घरच्यांचा विश्वास कमी पडला. हे शेवटचं वाक्य तर तुम्ही आल्यानंतरही आमच्यातल्या एका बहिणीला तिचं बाळ गेल्यावर नवव्या दिवशी ऐकवलं गेलं. ऐकवणारे नवखे नव्हते. अर्धं शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांना तोंडपाठ होतं. त्यातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले आणि ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात देवानं त्यांच्यातल्या अलीफजला सांगितलं की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. हे त्यांनी आम्हांला कधी वाचून दाखवलं नाही.

तुम्ही पहिल्या गुरुवारी शंभर पानी वह्या आणल्यात, एक निळं पेन आणि एक शिसपेन्सिल. डाव्या पानावर जे घडलं ते पेनानं, पाच ओळींत. त्या पाच ओळींत देव, कृपा, परीक्षा, आशीर्वाद यातला एकही शब्द नको. काय दिसलं, किती वाजले होते, कोण काय म्हणालं, हाताला काय लागलं, एवढंच. उजवं पान त्या दिवशी कोरं. ते भरायचं आठवड्यानं, पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतं. घडलेलं बदलत नाही, आपण लावलेला अर्थ बदलू शकतो, इतकं साधं कारण होतं. पण वर्षानुवर्षं साक्षी ऐकूनही हा फरक आमच्या ध्यानात आला नव्हता.

दोन पानांच्या मधे शास्त्र. वचन घ्यायचं तर त्याच्या वरची दोन आणि खालची दोन वाचल्याशिवाय नाही, आणि कोण कोणाला बोलतंय हे समासात लिहिल्याशिवाय नाही. एवढ्या चाळणीतून आमच्या घरांतल्या भिंतींवरची अर्धी वचनं वेगळी दिसू लागली. संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, भविष्य आणि आशा देण्याचं, नव्या नोकरीच्या आणि नव्या फ्लॅटच्या प्रत्येक शुभेच्छापत्रावर असतं. त्याच्या अलीकडचंच दहावं वचन सांगतं की बाबेलमध्ये सत्तर वर्षं जातील. यिर्मयाचं ते पत्र बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतीची वाट पाहतच मरणार होते. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन आम्ही मुलांच्या परीक्षेच्या पॅडवर लिहायचो. अकरा आणि बारा वाचलं तेव्हा कळलं की पौल कैदेत असताना उपाशी राहण्याबद्दल आणि पोटभर खाण्याबद्दल बोलतोय, पहिल्या नंबराबद्दल नाही. वचन यामुळे लहान झालं नाही. उलट नापास झालेल्या मुलालाही आता ते देता येतं.

भाषांतरंही तुम्ही दोन ठेवायला लावलीत. एक बायबल सोसायटीचं आणि दुसरं पंडिता रमाबाईंचं, जे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते थेट मुळातून केलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून. दोन्हींत शब्द वेगळा पडला की तिथे थांबायचं. आणि धडा लिहायचा तो आपल्या घरच्या मराठीत, सभेच्या मराठीत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ओवी आणि अभंग टाकून दिले नाहीत, ही आठवण तुम्ही करून द्यायचात, आमच्या वाक्यांत उपदेशाचा सूर शिरला की हमखास.

बाई, विरजणाचा गुरुवार आम्ही कोणी विसरणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला खमिराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली छोटी गोष्ट, होती आणि एकीनं लगेच उजवं पान भरून आणलं होतं: देवाचं राज्य दह्यासारखं, भांडं हलवायचं नाही, शांत राहायचं. तुम्ही म्हणालात, आधी डावं पान. मग तासभर आम्ही फक्त दही कसं लागतं तेच लिहिलं. अर्धा लिटर दूध, लहान चमचाभर विरजण. दूध बोट सुखानं बुडेल इतकं कोमट. कढत असलं तर विरजणातले जीव मरतात आणि सकाळी दूध दूधच राहतं. विरजण जास्त झालं तर दही आंबट होतं आणि पाणी सुटतं. एप्रिलच्या पुण्यात चारपाच तासांत लागतं. डिसेंबरात भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं तरी रात्र पुरत नाही. आणि एकदा ढवळल्यावर तो चमचा परत वेगळा काढता येत नाही.

मग दाखला. एकच वचन आहे ते. बाईनं खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवलं, सगळं पीठ फुगेपर्यंत. तिचं खमीर म्हणजे पुडीतलं यीस्ट नव्हे, आदल्या कणकेचा राखून ठेवलेला आंबलेला गोळा, म्हणजे आपल्या विरजणाचाच भाऊ. आणि तीन मापं म्हणजे सुमारे वीस किलो पीठ! एका घराची ती रोजची भाकर नाही, अख्ख्या वाड्याला पुरेल. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम धावत तंबूत जातो आणि साराला तीन पाहुण्यांसाठी पीठ मळायला सांगतो, तेही तीन मापंच. मग विचारलंत, भांडं हलवू नका हे दाखल्यात कुठे आहे? कुठेच नव्हतं. ते दह्याबद्दल खरं आहे, पण या दाखल्याच्या नावावर ते खपवायचं नाही. माणूस झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, हे मार्काच्या चौथ्या अध्यायात आहे. वाट पाहण्याचा धडा हवा असेल तर तिथे जावं. इथला धडा वेगळा: लहान, दडलेलं, आणि एकदा मिसळल्यावर परत काढता न येणारं. पुढे हेही दाखवलंत की खमीर नेहमी चांगलंच असतं असं समजू नये. परुश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांच्या, खमिरापासून जपा, असं येशूच सांगतो, आणि वल्हांडण या यहुदी सणाच्या आधी घरातलं सगळं खमीर बाहेर काढायचं असतं. वस्तू एक, शिकवण दोन, आणि कोणती हे अध्याय ठरवतो.

मजूर अड्ड्याचंही तसंच. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पाचला अड्ड्यावर जातो, आणि सगळ्यांना एकच दिनार देतो, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. आम्ही त्यातून आयुष्यभर एवढंच शिकलो होतो की म्हातारपणी पश्चात्ताप केला तरी चालतो. तुम्ही म्हणालात, सकाळी आठला अड्ड्यावर जा आणि परत अकराला जा. आठला ट्रकमध्ये चढतात ते तरणे, दणकट. अकराला उरलेले असतात पांढऱ्या केसांचे, पायाला पट्टी बांधलेला एखादा, कडेवर मूल असलेली बाई. त्यातला एकही आळशी नव्हता. पाचला उभे असलेले मालकाला हेच सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतलंच नाही. घरी तोंडं मात्र पूर्ण दिवसाचीच असतात, तासाभराच्या मजुरीत ती भरत नाहीत. दाखल्यातल्या मालकाचा हिशोब तेव्हा पहिल्यांदा आम्हांला भाकरीचा हिशोब म्हणून दिसला. त्या आठवड्यात उजव्या पानावर तुम्ही कोणालाच काही लिहू दिलं नाहीत. आधी अड्ड्यावरच्या त्या बाईला काम द्या, म्हणालात.

पाण्याचा आणि मान्न्याचा, म्हणजे अरण्यात इस्राएली लोकांना देवानं रोज दिलेल्या अन्नाचा, धडा थोडक्यात आटोपतो. ताजं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून ओतून देणाऱ्या आपल्या शहरात, साठवलेला मान्ना किडतो हे आपल्याला पटकन पटतं. पण मान्न्याचाच अध्याय सांगतो की सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला किडला नाही. मिसर देशात योसेफानं तर दुष्काळाआधी सात वर्षं धान्याचा पाचवा हिस्सा साठवला. म्हणजे साठवणं पाप नव्हे. कधी, कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, हे बघायचं.

आणि एक नियम तुम्ही कधीच मोडू दिला नाहीत. दुसऱ्याच्या दुःखाचं डावं पान आपण लिहायचं नाही. साक्ष दोन मिनिटं, ती स्वतःचीच. दुसऱ्याची गोष्ट असेल तर त्याला विचारून. का, तेही शास्त्रातून सांगितलंत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूच टाकतो आणि उत्तरही तोच देतो, नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? उत्तर येतं, याचंही नाही, आईबापांचंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं तेव्हा त्यानं कोणाच्या घरात प्रार्थना होते हे विचारलं नव्हतं. ज्यांनी आमच्या बहिणीला ते वाक्य ऐकवलं, त्यांनी लूकाचा तेरावा अध्याय, तो बुरुजाचा, नक्की वाचलेला असणार. तिच्यासमोर बसल्यावर तो त्यांना आठवला नाही, याचा राग आमच्या मनातून अजून गेलेला नाही. प्रार्थना करतो तेव्हाही तो असतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तिच्या घरी तुम्ही आलात तेव्हा शास्त्र पिशवीतून काढलं नाहीत. शेजारणीनं मऊ भात आणला होता, तो तुम्ही ताटलीत घेऊन तिच्यापुढे ठेवलात. तिची वही चटईवर पडली होती. उजव्या पानावर, पेन्सिलीनं नाही, निळ्या पेनानं, तिनं लिहिलं होतं: माझा विश्वास कमी पडला म्हणून. तुम्ही वाचलंत. पेनाचं खोडता येत नाही. तुम्ही वहीच्या मागच्या कोऱ्या पानाची बोटभर रुंद पट्टी फाडलीत, भाताचं एक शीत उचललंत, बोटानं मळून पट्टीला लावलंत आणि ती ओळ पूर्ण झाकली जाईल अशी चिकटवलीत. कडा अंगठ्यानं दाबल्यात. वर काहीही लिहिलं नाहीत. वचन नाही, तारीख नाही. वही मिटून तिच्या उशाशी ठेवलीत आणि म्हणालात, "भात गार होतोय गं."

तिनं चार घास खाल्ले. नऊ दिवसांतले पहिले.

बाई, ज्यांना इतकं शास्त्र येतं त्यांना गप्प बसणं किती जड जातं हे आता आम्हांला कळतं. तुम्हांला ईयोब येत होता, लूक येत होता, स्तोत्रं येत होती. एकही तिच्यावर वापरलं नाहीत. तुमच्यासारखी माणसं मंडळीत पुढच्या बाकावर दिसत नाहीत. अंत्यविधीनंतर कप विसळताना, आजाऱ्याच्या घरी रेशन पोहोचवताना, परक्याचं मूल कडेवर घेताना दिसतात. अशा माणसांच्या जिवावर आमची घरं उभी आहेत आणि त्यांना धन्यवाद म्हणायला आम्ही नेहमी उशीर करतो.

पट्टी अजून निघालेली नाही. थोडी पिवळी पडली आहे, एक कोपरा उचलला गेला होता, तो तिनंच परत शितानं चिकटवला. त्यावर तिनं काही लिहिलेलं नाही आणि आम्ही कोणी विचारत नाही. पुढची डावी पानं मात्र ती भरते आहे. परवाचं पान तिनं वाचायला दिलं आणि तुम्हांला कळवायला सांगितलं, म्हणून लिहितो: गॅलरीतल्या कुंडीतली तुळस वाळली होती, बुडाशी दोन हिरवी पानं आली, सकाळी सात वाजता पाणी घातलं, माती गार लागली. पाच ओळी. उजवं पान कोरं आहे.

या गुरुवारी रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घेतोय. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली कणसं, वेचण्याचा नियम लेवीयमध्ये कुठे येतो ते शोधून ठेवलं आहे, एकोणिसावा अध्याय, नववं आणि दहावं वचन, वरची दोन आणि खालची दोन वाचून. गुडघे दुखत नसतील तर या. रिक्षा पाठवतो.

तुमच्या,
गुरुवारच्या वहीवाल्या
पुणे