बेलमचे लवणस्तंभ वाजवून पाहणे थांबावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंध्र प्रदेशातील नंद्याळ जिल्ह्यातील बेलम गुहेकडे आपल्या भागातूनही सहली जातात, म्हणून हे पत्र. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये नोंदवलेली ही चुनखडीची गुहा ३,२२९ मीटर लांब असून तिचा सुमारे दीड किलोमीटर भाग २००२ पासून पर्यटकांना खुला आहे. दिव्यांची सोय आहे, आत बाहेरची हवा सोडली जाते, आणि जाणकार गाइड बरोबर असला तर आतल्या ‘पाताळगंगा’ या झऱ्यापर्यंतची वाट कंटाळवाणी होत नाही. दमटपणाने घाम फुटतो, तेवढे सोसावे.

माझा आक्षेप ‘सप्तस्वर’ दालनातील प्रकाराला आहे. तेथील लवणस्तंभांवर, म्हणजे झिरपत्या पाण्यातील चुन्याच्या थरांनी घडलेल्या दगडी स्तंभांवर, लाकडाने किंवा बोटांच्या पेरांनी ठोकले की धातूसारखा नाद उमटतो, आणि एकाने वाजवून दाखवले की मागच्या प्रत्येकाला तो स्वतः काढून पाहावासा वाटतो. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, चुनखडी विरघळवत खाली झिरपते आणि गुहेच्या हवेत तो वायू सोडताना चुन्याचा अतिशय पातळ थर मागे ठेवते; असा स्तंभ बोटभर वाढायलाही शेकडो वर्षे लागू शकतात. त्याला हाताचे तेल लागले की पाणी पूर्वीसारखे पसरत नाही, वाढ खुंटते आणि पृष्ठभाग काळवंडतो. आपली लेणी बेसॉल्टमध्ये माणसांनी कोरलेली असल्यामुळे, दगडाची घडण अजून चालू असू शकते हे आपल्या सहज ध्यानात येत नाही.

केवळ माणसांच्या वावराने काय होते, हे फ्रान्समधील लास्को गुहेने दाखवले आहे. १९४८ मध्ये खुली झालेली ती चित्रगुहा प्रेक्षकांच्या श्वासामुळे आणि दिव्यांखाली वाढलेल्या शेवाळामुळे १९६३ मध्ये बंद करावी लागली. अजिंठ्यात फ्लॅश न वापरण्याचा नियम आपण पाळतोच.

तेव्हा ‘सप्तस्वर’ दालनात ठोकण्यास सरसकट मनाई करून त्या नादाचे ध्वनिमुद्रण ऐकवावे, आणि प्रत्येक गट गाइडसोबतच आत सोडावा, अशी गुहेच्या व्यवस्थापनाला विनंती आहे. महाराष्ट्रातील सहल आयोजकांनीही गुहेत उतरण्यापूर्वी, बसमध्येच, प्रवाशांना ही सूचना मराठीत द्यावी. आत गेल्यावर गलबल्यात ती कोणी ऐकत नाही.

— एक वाचक, सोलापूर