रॉकरला तेल आलं म्हणजे बिगएंडला पोचलं असं नव्हे

महोदय,

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची इंजिनं पुन्हा बांधून घेण्याविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. गाडी ताब्यात घेताना रॉकरला (सिलिंडरच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) तेल नेणाऱ्या नळीचा पोकळ बँजो बोल्ट ढिला करून तेल येतंय का पाहा, हा त्यातला सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

त्या बोल्टपाशी तेल दिसलं तर एवढंच कळतं, की पंप फिरतोय. बिगएंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या सांध्याची, वाट वेगळी. तेल फिल्टरमधून टायमिंग कव्हरच्या (टायमिंग गिअरवरच्या झाकणाच्या) आतल्या वाटेनं क्रँकच्या टोकाला, म्हणजे वर्म नटच्या (स्क्रूसारखे दात असलेल्या नटच्या) भोकात शिरतं. कव्हर आणि नट यांच्यामध्ये बुचाचं किंवा रबरी सील असतं. ते कडक झालं, आखूड पडलं किंवा तिरकं बसलं, की तेल टायमिंग केसमध्येच सांडतं. रॉकर ओलेचिंब आणि बिगएंड कोरडा! फ्लोटिंग बुशच्या (मोकळ्या फिरणाऱ्या बुशच्या) बिगएंडला तेलाची उपासमार काही मिनिटंही सोसत नाही.

कव्हर बसल्यावर हे सील बाहेरून तपासायला सोय नाही. म्हणून कव्हर उघडलं की सील नवंच, तेलात भिजवून. सिलिंडर चढवण्याआधी वर्म नटच्या भोकात पिचकारीनं तेल दाबावं आणि ते बिगएंडच्या कडेनं पाझरेपर्यंत थांबावं. पाझरलं नाही तर क्रँकची वाट तुंबलेली आहे. पुढचं काम तिथंच थांबवायचं. कव्हरच्या पॅकिंगची भोकं कव्हरच्या भोकांवर धरून पाहावीत आणि सीलंट अगदी पातळ लावावा. थापून लावलेला सीलंट आत पिळला जाऊन तेलाची वाट बुजवतो. नव्यानं बांधलेल्या इंजिनांत हा प्रकार फार दिसतो.

आता दात. वर्म नट पंपाचा स्पिंडल फिरवतो. नटाला उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेनं सोडायला गेलेला माणूस तो आणखी आवळून आटे खराब करतो. स्पिंडलचे दात धारदार किंवा एका बाजूला वाकल्यासारखे दिसले, तर स्पिंडल आणि नट जोडीनंच बदलावेत. जुन्या नटावर नवा स्पिंडल लवकर झिजतो. पण नुसती जोडी बदलून भागत नाही, दात का गेले तेही शोधावं लागतं. पंपाची चकती जड फिरत असेल, झाकणाचं पॅकिंग फार पातळ असेल किंवा पंपात कचरा अडकला असेल, तर सगळा भार या दातांवर येतो. उलट पॅकिंग जाड झालं, की स्प्रिंगचा दाब कमी पडून चकती बैठकीवरून उचलते आणि तेल मागे गळतं. बैठक बारीक ग्राइंडिंग पेस्टनं घासली असेल, तर पेस्टचा कणही उरता कामा नये.

टायमिंग गिअरच्या दातांवर चकाकी मधोमध, सारख्या रुंदीची हवी. ती एकाच टोकाला असेल तर त्या गिअरचा स्पिंडल तिरका बसलाय. गिअर घट्ट असतील तर ते रडतात, सैल असतील तर खडखडतात. हा खडखडाट पुष्कळदा टॅपेटच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांच्या) माथी मारला जातो.

पहिल्यांदा चालू करताना फिल्टरचं घर तेलानं भरावं, स्पार्क प्लग काढून किक माराव्यात. पंप इंजिनाच्या मानानं फार सावकाश फिरतो, तेव्हा घाई नको. मग आयडलिंगला कव्हरवरचा फीड प्लग किंचित ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत तेल येऊ द्यावं. पाच-दहा मिनिटांनी इंजिन बंद करून लगेच क्रँककेसचं तेल सोडावं. थोडंच निघालं तर रिटर्न पंप (तेल टाकीत परत नेणारा) ठीक. पुष्कळ निघालं तर तो मागे पडतोय. रात्रभर उभ्या गाडीत टाकीतलं तेल खाली क्रँककेसमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकही इंजिन चालवूनच पाहावी. सकाळी कमी दिसलं म्हणून ओतलेलं २०डब्ल्यू५० तेल दुपारी ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येतं.

पहिलं तेल पन्नासेक किलोमीटरवरच बदलावं आणि ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावं. चुंबकाला चिकटणारे कण दातांचे किंवा बेअरिंगचे, सोनेरी कण बुशाचे, चुंबकाला न चिकटणारे पांढरे पिस्टनचे असू शकतात. बिल देण्याआधी जुना स्पिंडल आणि वर्म नट मागून घ्यावा. दात कुठल्या बाजूनं गेले, ते नखानंही कळतं.

– एक मेकॅनिक, कोल्हापूर