ताडपत्री धरणाऱ्या दोघा भावांचे आभार

आठवडाभर जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली नोकरी, मग घर. भिंती रंगवायला मला रविवारच मिळतो. चार रविवार खपून दर्यापूरजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबा रंगवले. बाबांचा जन्म याच भागातला, शेंडगावचा, १८७६ चा. हातातला खराटा तेवढा उरला होता आणि अवकाळी पाऊस आला. रंग ओला, वरून ओघळ सुटलेले.

ट्रॅक्टरवरून जाणारे तुम्ही दोघं थांबलात. ट्रॉली भिंतीला लावलीत, वर चढून ताडपत्री धरलीत. पाऊण तास! हात भरून आले तरी सोडली नाहीत. "दादा, बाबाले भिजू देत नाही आमी," एवढंच बोललात. नाव विचारायचं राहूनच गेलं.

चेहरा शाबूत आहे, भाऊ. काल पोरीला नेलं होतं. तुम्ही उभे होतात ती जागा तिला दाखवली.